गिऱ्हाईक फ्रेंच मागेल याची वाट पाहू नये

कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात, डिएप शहरात, एका मराठी दांपत्याने किराणा मालाचे दुकान आणि त्याला जोडलेले छोटे उपाहारगृह चालवायला घेतले आहे. तेथील व्यापाऱ्यांच्या संघटनेने त्यांना फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत सेवा देण्याच्या उपक्रमात सामील होण्यास सुचवले. त्यावर त्यांचा प्रश्न असा आहे की, दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस इंग्रजी बोलतो आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने फ्रेंचचा आग्रह धरलेला नाही. असे असताना चार माणसांच्या दुकानाने हा खर्च का करावा? आणि करायचाच झाला तर कोठून सुरुवात करावी, व गावाच्या सार्वजनिक जीवनात आपल्यासारख्या नवागतांनी या बाबतीत काय करावे?

या भागातील लहान व्यावसायिकांना दोन भाषांत सेवा देण्याची घडी बसवून देणे हे माझे काम आहे, आणि हा प्रश्न मला जवळजवळ याच शब्दांत वारंवार विचारला जातो. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

‘कोणी फ्रेंच मागत नाही’ हे तुमचे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. न्यू ब्रन्सविकमध्ये दर दहा माणसांमागे सुमारे तिघांची मातृभाषा फ्रेंच आहे आणि डिएपमध्ये तर फ्रेंच भाषकच बहुसंख्य आहेत. २०२१च्या जनगणनेत प्रांतातील ३४ टक्के लोकांनी आपल्याला दोन्ही भाषा येतात असे सांगितले. मात्र दुसरी भाषा शिकण्याचे ओझे दोन्ही समाजांवर सारखे पडलेले नाही. फ्रेंच मातृभाषा असलेल्यांपैकी बहुसंख्यांना इंग्रजी येते, तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांत फ्रेंच येणाऱ्यांचे प्रमाण फारच कमी आहे. याचा परिणाम असा होतो की काउंटरच्या पलीकडून ‘हॅलो’ ऐकू आले की अकाडियन, म्हणजे या भागातील जुन्या फ्रेंच भाषक समाजाचा, माणूस क्षणाचाही विलंब न लावता इंग्रजीकडे वळतो. तो मागणी करत नाही, कारण मागणी केली की पुढे काय होते हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. समोरचा गोंधळतो, मागे रांग खोळंबते, कोणीतरी नाराजीने पाहते, आणि दोन डॉलरच्या कोथिंबिरीसाठी एवढे सारे कशाला, असे त्याचे त्यालाच वाटू लागते. मुंबईत दोन मराठी माणसे एकाच दुकानात उभी असूनही दुकानदाराशी हिंदीत बोलतात आणि मग दुकानदार म्हणतो की इथे मराठी कोणी मागतच नाही. हा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला डिएपमधील ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

म्हणून माझे सर्वांत महत्त्वाचे सांगणे हे की पहिला शब्द दुकानाकडून जायला हवा. प्रांताच्या राजभाषा कायद्याने सरकारी कार्यालयांवर नेमके हेच बंधन घातलेले आहे. नागरिकाने विचारण्यापूर्वीच, दोन्हीपैकी कोणत्याही भाषेत सेवा मिळेल हे कर्मचाऱ्याने त्याला कळवायचे असते. खासगी दुकानाला तो कायदा लागू होत नाही, पण त्यामागचे तत्त्व दुकानदाराने स्वखुशीने उचलावे इतके व्यवहारी आहे. ‘हॅलो, बाँझूर’ असे म्हणावे आणि क्षणभर थांबावे. गिऱ्हाईक ज्या भाषेत उत्तर देईल ती त्याची निवड, आणि त्यानंतरचा व्यवहार त्याच भाषेत व्हावा. यातला क्षणभर थांबण्याचा भाग सर्वांत अवघड आहे. बहुतेक नवे कर्मचारी दोन्ही शब्द एका दमात म्हणतात आणि लगेच पुढचे वाक्य इंग्रजीत टाकतात. मग त्या फ्रेंच शब्दाची केवळ सजावट उरते, आणि ती सजावटच आहे हे गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येते. तुमच्या काउंटरवरील कार्डाचे यंत्रही या बाबतीत अधिक सावध आहे. कॅनडातील बँक कार्डाच्या चिपमध्ये धारकाची पसंतीची भाषा नोंदलेली असते आणि कार्ड आत जाताच यंत्राच्या पडद्यावरील सूचना त्या भाषेत येतात. पडद्यावर फ्रेंच आलेली दिसली तर निदान निरोपाचे दोन शब्द तरी फ्रेंचमध्ये बोलावेत, आणि पुढच्या वेळी हे माणूस लक्षात ठेवावे.

‘सगळे इंग्रजी बोलतात’ या समजुतीत आणखी एक मोठी उणीव आहे. फ्रेंच भाषक म्हणजे केवळ अकाडियन नव्हेत. फ्रेंच माध्यमाच्या मंक्टन विद्यापीठामुळे आणि फ्रेंच भाषक स्थलांतरितांना प्राधान्य देणाऱ्या धोरणामुळे कॅमेरून, आयव्हरी कोस्ट, काँगो, मोरोक्को अशा देशांतून आलेली कुटुंबे या भागात स्थिरावत आहेत आणि त्यांपैकी अनेकांचे इंग्रजी अजून कच्चे आहे. भेंडी, कच्ची केळी, ताज्या मिरच्या, डाळी, अख्खे मसाले यांसाठी ही माणसे भारतीय दुकानातच येतात. ती तुमची नैसर्गिक गिऱ्हाइके आहेत, आणि कोणते तिखट किती तीव्र आहे किंवा कोणती डाळ किती वेळ शिजवायची, हे त्यांना फ्रेंचमध्ये सांगणारे दुकान त्यांना दुसरीकडे सहसा मिळणार नाही. तीच गोष्ट बुक्टूश, कोकान, मेमरॅमकुक या गावांकडून खरेदीला येणाऱ्या वयस्क अकाडियन मंडळींची. त्यांना इंग्रजी येते, परंतु नवा पदार्थ चाखून पाहण्याचे धाडस माणूस स्वतःच्या भाषेतच अधिक सहजपणे करतो.

या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो तुम्हाला ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण गावातील माणसे तो विसरलेली नाहीत. अकाडियन लोकांना ब्रिटिश सत्तेने १७५५पासून त्यांच्या भूमीतून हद्दपार केले. त्यांपैकी जे परतले त्यांनी समुद्रकाठी आणि नदीखोऱ्यांत पुन्हा वस्ती उभारली. त्यानंतर फार काळ फ्रेंच ही घरातील आणि चर्चमधील भाषा राहिली, तर दुकान, कारखाना आणि कचेरी यांची भाषा इंग्रजी. शेजारच्या मंक्टन शहरात १९६८ साली विद्यार्थ्यांनी नगरपालिकेकडे द्विभाषिक सेवेची मागणी केली, तेव्हा महापौर लिओनार्ड जोन्स यांनी त्यांना अत्यंत तुच्छतेने वागवले. तो प्रसंग आजही येथे सांगितला जातो. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, प्रीमियर, म्हणजे प्रांताचे सरकारप्रमुख, लुई रोबिशो यांच्या सरकारने प्रांताचा राजभाषा कायदा केला. १९९३ मध्ये दोन्ही भाषिक समाजांचे समान स्थान कॅनडाच्या राज्यघटनेत नोंदले गेले आणि २००२ मध्ये मंक्टनने स्वतःला अधिकृतपणे द्विभाषिक शहर घोषित केले. म्हणजे ज्या शहरात फ्रेंच मागणे हा उद्धटपणा समजला जात होता, त्याच शहराने एका पिढीच्या आत दोन्ही भाषांची जबाबदारी स्वीकारली.

हा बदल केवळ सद्भावनेने झाला नाही, हेही व्यावसायिक म्हणून तुम्ही ध्यानात घ्यावे. मंक्टन हे रेल्वेचे गाव होते. १९७६ मध्ये ईटन्स या मोठ्या दुकान-कंपनीचा कॅटलॉग विभाग बंद झाला, १९८८ मध्ये कॅनेडियन नॅशनल रेल्वेचे दुरुस्ती कारखाने बंद झाले आणि शहराचा कणाच मोडतो की काय अशी अवस्था आली. त्यानंतर १९९०च्या दशकात प्रीमियर फ्रँक मॅकेना यांनी मोठ्या कंपन्यांना ग्राहकसेवा केंद्रे येथे आणण्यासाठी पाचारण केले, तेव्हा त्यांच्या हातातले एक खणखणीत नाणे म्हणजे दोन्ही भाषा सहज बोलणारे मनुष्यबळ. क्विबेकच्या गिऱ्हाइकाशी फ्रेंचमध्ये आणि उर्वरित देशाशी इंग्रजीत बोलणारा कर्मचारी एकाच खुर्चीवर मिळत होता. ज्या अकाडियन मुलींना त्यांच्या आयांनी ‘बाहेर फ्रेंच बोलू नकोस’ असे बजावले असेल, त्यांना फ्रेंच येते म्हणून नोकरी मिळू लागली. भाषेचा अर्थकारणाशी असा संबंध जुळला की तिच्याविषयीची लाज ओसरते. कोणत्याही भाषणापेक्षा पगाराची पावती या बाबतीत अधिक काम करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. डिएप नगरपालिकेने २०१० मध्ये उपविधी करून बाहेरच्या नव्या व्यापारी पाट्या दोन्ही भाषांत असणे बंधनकारक केले. हजारो रहिवाशांनी सह्या करून ही मागणी केली होती. त्यामुळे दुकानाची पाटी बदलताना तुम्हाला हा नियम पाळावाच लागेल आणि पाटीची ऑर्डर देण्यापूर्वी मजकूर नगरपालिकेच्या कार्यालयात दाखवून घ्यावा. शहर बदलले की नियमही बदलतो, म्हणून दुसऱ्या गावातील ओळखीच्या दुकानदाराच्या सांगण्यावर विसंबू नये. दुकानाचे नाव मराठी असेल तर ते तसेच ठेवावे, दोन भाषांची गरज त्याखालच्या वर्णनाला आहे.

पाकिटबंद खाद्यपदार्थांचे लेबल ही वेगळी बाब आहे आणि तेथे संघराज्याचा कायदा लागू होतो. पदार्थाचे नाव, घटक आणि पोषणमूल्यांचा तक्ता फ्रेंच व इंग्रजी दोन्हींत असावा लागतो, तर उत्पादकाचे नाव व पत्ता कोणत्याही एका भाषेत चालतो. भारतातून थेट आलेल्या अनेक पाकिटांवर फक्त इंग्रजी व हिंदी असते. अशा मालावर आयातदाराने दोन्ही भाषांतील मजकुराची चिकटपट्टी लावलेली आहे की नाही, हे माल उतरवून घेतानाच तपासावे. तुम्ही स्वतः बनवून डब्यात भरून विकत असलेल्या चिवड्या-लाडवांनाही हा नियम चुकत नाही. स्थानिक पदार्थांसाठी एक सवलत आहे, परंतु ती जेथे दोन्हीपैकी एका भाषेचे लोक दहा टक्क्यांहून कमी आहेत अशा ठिकाणांपुरती आहे, आणि डिएप-मंक्टन परिसर त्यात बसत नाही. शेंगदाणे किंवा काजू यांची सूचना फ्रेंचमध्ये नसणे म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळ आहे, इतक्या गांभीर्याने याकडे पाहावे.

मेन्यूच्या बाबतीत माझा आग्रह असा की पदार्थांची नावे भाषांतरित करू नयेत. वडापाव हा वडापावच राहावा, थालीपीठ थालीपीठच. त्याखाली एका ओळीत तो कशाचा, किती तिखट, शाकाहारी आहे की नाही, हे फ्रेंच व इंग्रजीत सारख्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. फ्रेंच मजकूर बारीक आणि करड्या रंगात छापला तर दोन भाषा असूनही एकच दिसते. मजकूर संगणकाकडून भाषांतरित करून घेतला तरी छापण्यापूर्वी येथेच वाढलेल्या फ्रेंच भाषकाला तो वाचायला द्यावा. जेवणांची नावे हे त्याचे साधे कारण आहे. फ्रान्समध्ये दुपारच्या जेवणाला जो शब्द आहे तो कॅनडात सकाळच्या न्याहारीला वापरतात, आणि रात्रीच्या जेवणाचा फ्रान्समधील शब्द येथे दुपारचे जेवण सांगतो. ज्यांनी पुण्यात फ्रेंच शिकली आहे, ते येथे हमखास अडखळतात.

पुण्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. महाराष्ट्रात अनेक विद्यार्थी शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात गुण मिळवून देणारा विषय म्हणून फ्रेंच घेतात, आणि परीक्षा संपली की तो विषय संपला असे समजतात. तुमच्यापैकी कोणी तो घेतला असेल तर ती पुंजी बाहेर काढावी. व्याकरणाचा पाया असतोच, फक्त कानाला सवय नसते. येथील बोली पाठ्यपुस्तकातल्यासारखी ऐकू येणार नाही, आणि मंक्टन परिसरातील तरुण शियाक बोलतात, ज्यात फ्रेंच वाक्यरचनेत इंग्रजी शब्द सर्रास येतात. ही भाषा अशुद्ध आहे, अशी शेरेबाजी चुकूनही करू नये. या समाजाने आपल्या बोलीबद्दल बाहेरच्यांकडून पुरेसे ऐकून घेतले आहे. तुम्ही सावकाश, आदरार्थी सर्वनाम वापरून, साधी फ्रेंच बोलावी. बहुतेक माणसे धीराने ऐकतात आणि त्यांना मनापासून बरे वाटते. समोरचा तुमची अडचण पाहून इंग्रजीवर आला तर ‘मी शिकतो आहे, कृपया फ्रेंचमध्येच बोला’ एवढे एक वाक्य पाठ असू द्यावे.

कर्मचाऱ्यांबाबत सर्वांत जास्त गल्लत होते ती येथे की प्रत्येकाला दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत असे मालक धरून चालतो. त्याची गरज नाही. दोन्ही भाषांची जबाबदारी दुकानाची असते, एकेका माणसाची नसते. प्रत्येक पाळीत फ्रेंच नीट बोलणारे निदान एक माणूस असेल असे वेळापत्रक आखावे, आणि बाकीच्यांना स्वागत, आकडे, धन्यवाद व ‘एक मिनिट, सहकाऱ्याला बोलावतो’ एवढे तरी न अडखळता म्हणता यावे. न्यू ब्रन्सविकमध्ये द्विभाषिकतेला जो विरोध होतो, त्याच्या मुळाशी बहुधा नोकरीची भीती असते. २०१८च्या प्रांतिक निवडणुकीत रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांच्या भाषेच्या अटीवरून मोठा वाद झाला आणि त्या नाराजीवर उभ्या राहिलेल्या पक्षाला विधानसभेत जागाही मिळाल्या. फक्त इंग्रजी येणाऱ्या शेजाऱ्याला आपण येथे परके झालो असे वाटू लागले तर तुमचा उपक्रम गावात दुही वाढवेल. संघ द्विभाषिक ठेवला तर कोणालाही दारातून परत पाठवावे लागत नाही.

त्याच वेळी ज्याला फ्रेंच येते त्याच्यावर अन्यायही होऊ नये. अनेक ठिकाणी एकुलत्या एका अकाडियन मुलीकडे काउंटर सांभाळून शिवाय मेन्यूचे भाषांतर, फेसबुकवरील मजकूर, फ्रेंच फोन आणि तक्रारी असे सारे येते, तेही त्याच पगारात. हे कौशल्य आहे आणि त्याचे मोल तासाच्या दरात दिसले पाहिजे. तुमचे इतर कर्मचारी कायमस्वरूपी वास्तव्यासाठी धडपडणारे असतील तर त्यांना फ्रेंच शिकण्याचे वेगळे कारण आहे. कायमस्वरूपी वास्तव्यासाठी अर्जदार निवडणाऱ्या एक्सप्रेस एन्ट्री या सरकारी व्यवस्थेच्या सध्याच्या गुणपद्धतीत चांगल्या फ्रेंचला अतिरिक्त गुण आहेत आणि २०२३पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी स्वतंत्र निवडफेऱ्याही होतात. टीईएफ किंवा टीसीएफ या परीक्षांची तयारी करणाऱ्याला तुमच्या काउंटरवर जो सराव मिळेल तो वर्गात मिळणार नाही. ज्यांना कायमस्वरूपी वास्तव्य मिळालेले आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या खर्चाने चालणारे भाषावर्ग आहेत. त्या वर्गांच्या वेळा पाहून पाळ्या लावल्या तर मालकाला जवळजवळ काही खर्च येत नाही.

समाजजीवनाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे नियम कमी आणि हजेरी जास्त महत्त्वाची असते. १५ ऑगस्ट हा अकाडियन लोकांचा राष्ट्रीय दिवस आहे. त्या दिवशी भांडी, घंटा, भोंगे जे हाती लागेल ते वाजवत लोक रस्त्याने निघतात आणि आम्ही अजून येथेच आहोत असे जगाला ऐकवतात. भारताचा स्वातंत्र्यदिनही त्याच तारखेला येत असल्याने तुमच्या दुकानात तो दिवस तसाही साजरा होईल. त्यात अकाडियन ध्वजाला जागा द्यावी आणि मिरवणुकीत सहकुटुंब चालावे. वसंत ऋतूत होणारा फ्राय साहित्य महोत्सव दोन्ही भाषांत चालतो. त्याला जावे, त्याची पत्रके दुकानात ठेवावीत. गणेशोत्सव किंवा दिवाळीचा कार्यक्रम कराल तेव्हा निमंत्रण फ्रेंच व इंग्रजी दोन्हींत काढावे, आणि सूत्रसंचालन करताना प्रत्येक वाक्य दोनदा सांगण्याऐवजी एक भाग फ्रेंचमध्ये, पुढचा इंग्रजीत असे करावे. दुहेरी पुनरुक्तीने श्रोते कंटाळतात आणि दुसऱ्या भाषेच्या वेळी गप्पा मारू लागतात. मुलांना कोणत्या शाळेत घालायचे हा तुमचा खासगी निर्णय आहे. परंतु इंग्रजी शाळांतील फ्रेंच इमर्शनची, म्हणजे काही विषय फ्रेंचमधून शिकण्याची, सोय निदान पाहून घ्यावी. घरात मराठी भक्कम असलेल्या मुलाला तिसऱ्या भाषेचे ओझे होत नाही, आणि ती भाषा बोलायला त्याला डिएपसारखे गाव लाभलेले आहे.

पैशांचा विचार करता पाटी आणि मेन्यू यांच्या आधी माणूस नेमावा, कारण आत फ्रेंच बोलणारे कोणीच नसताना बाहेर लावलेली पाटी गिऱ्हाइकाची निराशाच करते. उन्हाळ्यासाठी विद्यार्थी नेमायचा असेल तर कॅनडा समर जॉब्स ही योजना पाहावी. पन्नास किंवा त्याहून कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या खासगी व्यवसायाला १५ ते ३० वर्षे वयाच्या तरुणाच्या पगारासाठी प्रांतातील किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंत अनुदान त्यातून मिळू शकते. अर्ज आदल्या हिवाळ्यातच करावे लागत असल्याने उन्हाळा जवळ आल्यावर जागे होऊन उपयोग नाही. जागेची जाहिरात दोन्ही भाषांत द्यावी, मंक्टन विद्यापीठातही लावावी, आणि मुलाखतीचा काही भाग फ्रेंचमध्ये घ्यावा. तुम्हाला स्वतःला ते जमत नसेल तर व्यापाऱ्यांच्या संघटनेतील एखाद्या फ्रेंच भाषक सदस्याला त्या अर्ध्या तासासाठी शेजारी बसण्याची विनंती करावी.